उद्धरणसंख्या आणि संशोधनाचे मोल : 'बॉम्बे रक्तगटा'च्या शोधनिबंधाच्या संदर्भात

प्रकाशित शोधनिबंधांची संख्या, उद्धरणसंख्या आणि एच-निर्देशांक या आकड्यांवरून संशोधकाची योग्यता ठरविण्याची प्रथा उच्च शिक्षणात रूढ झाली आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेली उद्धरण-सूचीची कल्पना मुळात संदर्भ शोधण्याचे साधन होती. जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक सुचविल्यानंतर व्यक्तीचे मूल्यमापन एकाच आकड्यात करणे शक्य झाले. हे मापदंड रक्ताच्या प्रतिकारशास्त्रातील एका महाराष्ट्रीय शोधाला लावून पाहिल्यास त्यांच्या मर्यादा स्पष्ट होतात.

वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ब्रिटनमधील चार संशोधकांसह १९५२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये दोन पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुंबईतील तीन व्यक्तींचे रक्त वरवर ओ गटाचे भासत होते. परंतु त्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे ओ गटाच्या पेशींनाही एकत्र चिकटवीत होती. ए आणि बी ही प्रतिजने ज्या एच प्रतिजनापासून तयार होतात, त्याचाच येथे अभाव होता. अशा व्यक्तीस ओ गटाचे रक्तही चालत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय. या स्थितीला पुढे 'बॉम्बे रक्तगट' हे नाव मिळाले.

या शोधाचा प्रभाव उद्धरणांतून पूर्णपणे मोजता येत नाही. रक्तपेढीतील तंत्रज्ञ एच प्रतिजनाची चाचणी करताना मूळ निबंधाचा हवाला देत नाही. पाठ्यपुस्तकही अनेकदा केवळ नावाचा उल्लेख करते. शोध सर्वमान्य झाला की मूळ लेखकांचा निर्देश गळून पडतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेला 'समावेशनातून होणारा लोप' म्हटले. म्हणजेच काही वेळा उद्धरणांचा अभाव हा अपयशाचा नव्हे, तर यशाचा परिणाम असतो. शिवाय आयुष्यभरात असा एकच निबंध लिहिणाऱ्या संशोधकाचा एच-निर्देशांक एकाच्या पुढे जाऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीनुसार प्रथम व संपर्क-लेखकांना ६० टक्के गुण आणि उर्वरित सर्व लेखकांत मिळून ४० टक्के गुण अशी विभागणी होती. ती लावल्यास सात लेखकांच्या या निबंधातील बहुतेकांच्या वाट्याला अगदी अल्प गुण आले असते.

नागपूरचे उदाहरणही उद्बोधक आहे. आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लघुनिबंध १९५८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये निलगिरी परिसर आणि आसामातील चहामळे येथून अशा नोंदी आल्या होत्या. नागपूरच्या निबंधाने हा प्रश्न विदर्भाच्या दारात आणून ठेवला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले ते २०२३ मध्ये. ज्या कामाची सामाजिक निकड धोरणात उतरण्यास सहा दशके लागतात, त्याचे मोल दोन वर्षांच्या उद्धरणांवर आधारलेल्या इम्पॅक्ट फॅक्टरने कसे ठरणार?

अर्थात, आकडे सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नाही. निवड समितीतील पक्षपाताला ते काही अंशी आळा घालतात आणि ग्रामीण महाविद्यालयातील अपरिचित संशोधकाच्या हाती एक पुरावा देतात. दोष आकड्यांत नसून, निबंध न वाचताच निर्णय देण्याच्या सोयीत आहे. उद्धरण हे निबंध वापरला गेल्याचे चिन्ह आहे. तो खंडनासाठी वापरला की समर्थनासाठी, हे संख्या सांगत नाही. नियतकालिकाच्या प्रतिष्ठेवरून निबंधाचा दर्जा ठरवू नये, असे आवाहन सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ मध्येच केले होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केल्यानंतर नियतकालिकांचा दर्जा पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर आली आहे. एका यादीच्या जागी दुसरी यादी आणून ही जबाबदारी पार पडणार नाही. उमेदवाराने निवडलेले दोन-तीन निबंध विषयतज्ज्ञांनी प्रत्यक्ष वाचावेत, त्यातून कोणता प्रश्न सुटला व त्याचा उपयोग कोणास झाला याची लेखी नोंद करावी आणि आकडे त्या नोंदीला पूरक म्हणून जोडावेत. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांची ती दोन पाने वाचण्यास अर्धा तासही लागत नाही. तेवढा वेळ देणे हाच समवयस्क परीक्षणाचा मूळ अर्थ होय.