मागे चालणारा मुलगा

इराणमधल्या ताब्रीझ शहरातला एक बाप आपल्या मुलाबद्दल सांगतो आहे. आज याचा दहावा वाढदिवस, अशी सुरुवात. मुलगा फार हळवा आहे, दुसऱ्यांच्या अडचणी सोडवायला त्याला आवडतं. पाच वर्षांचा असताना एकदा तो बापाबरोबर दुकानात गेला. दोघांनी दोन पौंड ताजे जर्दाळू घेतले. घरी परतताना बापाने पिशवी पोराच्या हाती दिली. पोरगा सगळी वाट बापाच्या जरासा मागून चालत राहिला. थोड्या वेळाने बापाने एक जर्दाळू मागितला. पोरगा म्हणाला, देता येणार नाही, मी सगळे वाटून टाकले. आपल्या घरात माणसांसाठी झटणारा माणूस वाढतो आहे हे बापाला तेव्हाच कळलं.

मजकूर एवढाच, आणि वर बापलेकांचा फोटो. ‘ह्यूमन्स ऑफ न्यू यॉर्क’ या फेसबुक पेजवर २०१५च्या सप्टेंबरात हे आलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मी ते अजून अधूनमधून काढून वाचते. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तसं. प्रत्येक वेळी त्याच एका जागी थांबायला होतं.

ती जागा म्हणजे पोरगा ‘जरासा मागून’ चालत होता, हे वाक्य. पहिल्यांदा वाचताना आपण ते ओलांडून जातो. लहान मुलं मागे रेंगाळतातच, त्यात पिशवी जड. पण पुढच्या दोन ओळींत पोराचं उत्तर येतं आणि ते वाक्य आतून उजळतं. अच्छा, म्हणून तो मागे होता! जे काही घडलं ते सगळं बापाच्या पाठीमागे घडलं. आपण बापाबरोबर चालत होतो, त्यामुळे ते आपल्याही पाठीमागे घडलं. कुणाला दिले, किती दिले, देताना काय बोलला, यातलं काहीच दाखवलेलं नाही. आपल्या काव्यशास्त्राने ज्याला ध्वनी म्हटलं, तो हाच. न सांगितलेलं सांगितलेल्यापेक्षा मोठं होऊन बसतं.

हे मी एकदा आईला मराठीत करून सांगितलं. तिचं वय सत्तरीच्या पुढे, फेसबुकशी तिचा काडीचा संबंध नाही. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “पण दिले कुणाला?” मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “एखादी म्हातारी असेल बघ दारात बसलेली. आणि शाळेतून येणारी पोरं.” कधी न पाहिलेल्या ताब्रीझच्या गल्लीत तिने दोन मिनिटांत माणसं उभी केली. तिथे जागा मोकळी होती म्हणून तिला ती उभी करता आली.

दोन पौंड हे वजनही सहज आलेलं नाही. नुसते ‘जर्दाळू’ म्हटलं असतं तर वाटून टाकण्याला आकार आला नसता. वजन कळलं की पिशवी हाताला जाणवते, आणि ती रिकामी झाल्याचंही जाणवतं.

शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मी बराच काळ साशंक होते. पोराच्या उत्तरावरच थांबायला हवं होतं, पुढचं उलगडून सांगायची काय गरज, असं वाटायचं. कडक संपादकाने ते वाक्य नक्की कापलं असतं. आता माझं मत बदललं आहे. त्या वाक्याविना ही एका गुणी पोराची गोष्ट झाली असती. त्या वाक्यामुळे ती बापाची होते. यातला रस वात्सल्य आहे आणि वात्सल्याचा आश्रय बाप आहे. पाच वर्षं मनात जपून ठेवलेला क्षण तो वाढदिवसाच्या दिवशी एका परदेशी, अनोळखी माणसासमोर उघडतो आहे. त्याचा अभिमान कापून टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

या पोस्टखाली अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी स्वतः प्रतिक्रिया लिहिली होती. इराणशी अणुकरार होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि अमेरिकेत त्यावर रण माजलं होतं. त्या गदारोळात असंख्य वाचक एका इराणी पोराच्या रिकाम्या पिशवीपाशी थांबले.

हे पेज चालवणारा ब्रँडन स्टँटन शिकागोत रोख्यांच्या खरेदी-विक्रीत काम करायचा. २०१०मध्ये त्याची नोकरी गेली. फोटोग्राफीचं शिक्षण नव्हतं, नुकताच कॅमेरा घेतला होता. न्यू यॉर्कला जाऊन तिथल्या दहा हजार माणसांचे फोटो काढायचे आणि ते शहराच्या नकाशावर लावायचे, असा त्याचा बेत होता. म्हणजे एका परीने शिरगणतीच. नुसते फोटो टाकत राहिला असता तर ते पेज इतर हजारो पेजांसारखंच राहिलं असतं.

वळण मिळालं ते एका हिरव्या बाईमुळे. डोक्यापासून पायांपर्यंत सगळं हिरवं. तिचा फोटो त्याच्या मते साधारणच होता. टाकू की नको असं चाललेलं असताना तिचं बोलणं त्याला आठवलं. मी रोज वेगळ्या रंगात असायचे, एके दिवशी हिरव्यात होते आणि तो दिवस फार छान गेला, म्हणून गेली पंधरा वर्षं मी हिरव्यातच आहे. हे त्याने फोटोखाली लिहिलं. आधीच्या चांगल्या चांगल्या फोटोंना मिळाला नव्हता एवढा प्रतिसाद या साधारण फोटोला मिळाला. तिथून त्याचा कॅमेरा मागे सरकला आणि कान पुढे आला.

एखादं पेज मोठं कसं होतं, हे विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. फेसबुकवर त्याचे दीड कोटीहून अधिक आणि इन्स्टाग्रामवर एक कोटीहून अधिक अनुयायी झाले. एवढी गर्दी जमवणाऱ्या पेजची मांडणी अगदी साधी आहे. एक फोटो, त्याखाली अवतरणचिन्हांत त्या माणसाचे शब्द, आणि परगावचा असेल तर गावाचं नाव. बहुतेकदा माणसाचं नाव नसतं. पेज चालवणाऱ्याचा चेहराही सहसा दिसत नाही. ‘मी आज यांना भेटलो, मला फार प्रेरणा मिळाली’ असलं वाक्य सहसा मध्ये येत नाही. कधी त्याचा प्रश्न छापलेला असतो, पण बहुतेक वेळा तोही पुसलेला असतो. मजकुरातला ‘मी’ बहुतेकदा समोरच्याचा. मनावर दगड ठेवून सांगितलेली गोष्ट असली तर चेहराही दाखवत नाहीत. फोटोत फक्त गुडघ्यांवर ठेवलेले हात असतात, नाहीतर बाकावर बसलेल्या माणसाची पाठ. आणि अशा दोन जड पोस्टांच्या मध्ये अचानक एखादं तीन वर्षांचं पोर ऐटीत टोपी घालून उभं असतं, त्याखाली आजची चिमुकली फॅशन अशा अर्थाचा नेहमीचा मथळा. वाचकाने श्वास कुठे घ्यायचा हे या माणसाला चांगलं कळतं.

अनोळखी माणसाशी बोलताना आपण खाली बसतो, म्हणजे समोरच्याला आपली भीती वाटत नाही, असं स्टँटनने अनेकदा सांगितलं आहे. प्रश्न ठरलेले असतात: सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता, सगळ्यात अवघड काय चाललं आहे, खूप माणसांना मिळून एकच सल्ला द्यायचा तर काय द्याल. पहिलं उत्तर बहुतेक गुळगुळीत येतं. आशावादी राहा, असं कुणी म्हणतं. तो तिथे थांबत नाही. आशावादी राहणं तुम्हाला सगळ्यात कठीण कधी गेलं, असं विचारतो. आणि मग खरी गोष्ट येते.

आता पुन्हा ताब्रीझला जाऊ. बाप आधी म्हणतो, मुलगा हळवा आहे, दुसऱ्यांच्या अडचणी सोडवतो. ही गुळगुळीत उत्तरं आहेत, कुठलाही बाप देईल अशी. आणि लगेच, ‘एकदा काय झालं’. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मला एक पुसलेला प्रश्न स्वच्छ ऐकू येतो: एखादा प्रसंग सांगाल? पानावर तो कुठेच नाही, पण तो विचारला गेला नसता तर जर्दाळूही आले नसते. मला या पेजवरचं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर ते हे न दिसणारं विचारणं.

अशीच दुसरी एक पोस्ट जानेवारी २०१५मधली, ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातली. गरिबी आणि गुन्हेगारी या दोन्ही गोष्टींसाठी ओळखली जाणारी वस्ती. तेरा वर्षांच्या एका मुलाला स्टँटन विचारतो, तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा? मुलगा म्हणतो, आमच्या मुख्याध्यापिका लोपेझ बाईंचा. आम्ही काही उद्योग केले तर त्या निलंबित करत नाहीत, खोलीत बोलावून समजावतात. कुणी नापास होऊन शाळेबाहेर पडलं की कुठेतरी तुरुंगाची एक कोठडी बांधली जाते, असं सांगतात. आणि एकदा त्यांनी सगळ्यांना एकेक करून उभं केलं आणि प्रत्येकाला सांगितलं, तू महत्त्वाचा आहेस.

यातला जीव ‘एकेक करून’ मध्ये आहे. बाईंनी सबंध वर्गाला एकदम सांगितलं असतं तर ते भाषण झालं असतं, आणि मुलांनी भाषणं पुष्कळ ऐकलेली असतात. बाकावरून उठायचं, सगळ्यांदेखत उभं राहायचं, ते वाक्य फक्त आपल्यासाठी ऐकायचं आणि खाली बसायचं. मग पुढचा. त्या वर्गात किती वेळ गेला असेल! हे पेज दुसरं काय करतं? तेही एकेकाला उभं करतं.

मुख्याध्यापिका नादिया लोपेझ त्या दिवसांत नोकरी सोडण्याच्या विचारात होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. आपण करतो त्याचा कुणाला उपयोग होतो की नाही, या शंकेने त्या खचल्या होत्या. पोस्टनंतर स्टँटन शाळेत गेला. दरवर्षी सहावीत येणाऱ्या मुलांना हार्वर्ड विद्यापीठ दाखवून आणावं म्हणून एक लाख डॉलरचं आवाहन केलं. जमले जवळपास चौदा लाख. फेब्रुवारीत बाई, तो मुलगा आणि स्टँटन व्हाइट हाउसमध्ये होते. हे सगळं मोठंच आहे, पण रसिक म्हणून मला त्याआधीचा क्षण जास्त मोलाचा वाटतो. थकलेल्या बाईंना आपल्याबद्दलचं खरं मत आपल्याच विद्यार्थ्याच्या तोंडून, आणि तेही परस्पर, कळलं.

पेजवरचं सगळंच मला सारखं आवडत नाही. पुढे गोष्टी लांबत गेल्या, एकेका माणसाच्या आयुष्याच्या मालिका झाल्या. २०२०मध्ये टँकरे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एके काळी नर्तकी असलेल्या वृद्धेची कहाणी अनेक भागांत आली. तिचा फटकळ, रसरशीत आवाज विसरता येत नाही. पण लांबीबरोबर निवेदकाची शिस्त जरा दिसायला लागते, भागाच्या शेवटी उत्सुकता ताणलेली जाणवते. शिवाय हे सगळे शब्द निवडलेले, कापलेले असतात. काय वगळलं ते वाचकाला कधीच दिसत नाही, आणि दुःखाला इतका नेटका शेवट वारंवार मिळाला की मन साशंक होतं. तीन-चार वाक्यांच्या सुरुवातीच्या पोस्टांत हा धोका कमी होता. माझा कौल त्या छोट्या पोस्टांना.

साचा मात्र जगभर गेला. २०१४मध्ये आपल्याकडे ‘ह्यूमन्स ऑफ बॉम्बे’ सुरू झालं आणि तेही लाखोंनी वाचलं. २०२३मध्ये त्यांनी अशाच दुसऱ्या एका पेजविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा स्टँटनने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. फोटोखाली गोष्ट लिहिणं कुणालाही करता येतं. गुळगुळीत उत्तरानंतरचा तो दुसरा प्रश्न मात्र ज्याचा त्याला समोर बसूनच विचारावा लागतो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने आमच्या गावच्या आठवडी बाजाराचं पेज सुरू केलं. फोटो छान येत होते, वाचणारं कुणी नव्हतं. किती वाजता टाकू, हॅशटॅग किती लावू, असं ती मला विचारायची. मी तिला जर्दाळूंची पोस्ट वाचायला दिली आणि पोरगा मागून का चालतो ते शोध म्हटलं. पुढच्या बाजाराला ती कासारीणबाईंकडे जाऊन खाली बसली. आधीच्या आठवड्यात त्यांचं वाक्य तिने टिपलं होतंच, “हात धरला की माप कळतं.” या वेळी तिने विचारलं, “कधी चुकलं का हो, मावशी?”

रात्री मजकूर मला दाखवायला घेऊन आली. मावशी म्हणाल्या होत्या, “एकदाच. माझ्याच लेकीचं. दिवाळीला आली, नेहमीच्या मापाच्या भरल्या, तर पार कोपरापर्यंत गेल्या.” त्याखाली भाचीने स्वतःची दोन वाक्यं जोडली होती, सासरी गेलेल्या मुलींच्या दुःखाबद्दल.

मी काही बोलले नाही. तिने मजकूर दोनदा मोठ्याने वाचला. मग ती दोन वाक्यं काढली आणि फोटो बदलला. चेहऱ्याचा होता, त्याच्या जागी काचेच्या हिरव्या बांगड्यांच्या लडीवर ठेवलेला मावशींचा हात लावला.