शुक्रवारच्या पंगतीची बोली

‘फ्रायडे नाइट डिनर’ (२०११–२०२०) ही रॉबर्ट पॉपर यांची ब्रिटिश विनोदी दूरदर्शनमालिका लंडनच्या उत्तर भागातील गुडमन या यहुदी कुटुंबाच्या साप्ताहिक भोजनावर उभी आहे. शब्बाथचे विधी तीत जवळजवळ नाहीत. ‘शालोम’ हा शब्द आवर्जून उच्चारतो तो यहुदी नसलेला शेजारी जिम! मग हिला यहुदी म्हणावे कशाच्या बळावर? प्रस्तुत लेखकाच्या मते, दर शुक्रवारी ठरलेल्या घरगुती बोलीच्या बळावर. पिता मार्टिन ताटातील मांसाला ‘खारीचा छान तुकडा’ म्हणतो (खार यहुदी आहारनियमांत निषिद्धच), वयात आलेल्या मुलांना ‘बाम्बिनो’. शब्दांचा अर्थ झिजला आहे, उच्चारण्याचा नेम टिकला आहे. पाण्यात मीठ कालवण्याच्या खोड्या लवकर शिळ्या होतात. पॉल रिटर यांच्या (मृत्यू २०२१) निर्विकार मुखातील ही वाक्ये मात्र होत नाहीत.