पालटलेलं मूल कुणाचं?

मंगळवेढ्यातल्या आमच्या घरांत बाळंतिणीच्या उशाखाली लोखंडी सुरी ठेवायची रीत होती. शेजारच्या हिंदू घरांत विळा असे. कुणाला जिन्नाची धास्ती, कुणाला सटवाईची, भीती एकच. म्हणून इलोइज मॅक्ग्रॉ या अमेरिकन लेखिकेची ‘द मूरचाइल्ड’ (१९९६) ही मुलांसाठीची कादंबरी वाचताना आम्हाला परक्या मुलखात गेल्यासारखं वाटलं नाही.

युरोपातल्या लोकसमजुतीत पऱ्या माणसाचं बाळ उचलून नेतात आणि पाळण्यात आपलं ठेवून जातात. उशिरा बोलणारं, सारखं रडणारं, आजारी मूल असलं की ते ‘पालटलेलं’ ठरे. खरं बाळ परत मिळावं म्हणून त्याचा छळ होई. मोठी माणसंही यातून सुटली नाहीत. १८९५ साली आयर्लंडमध्ये ब्रिजेट क्लिअरी या बाईला, ही आपली बायकोच नव्हे, असं म्हणत नवऱ्यानं जाळलं.

मॅक्ग्रॉ यांनी ही गोष्ट पालटलेल्या मुलीच्या बाजूनं सांगितली, हे या कादंबरीचं मोठेपण. सास्की अर्धी टेकडीखालच्या अद्भुत लोकांची, अर्धी माणसांची. त्यांच्यासारखं अदृश्य होणं तिला जमत नाही, म्हणून ते तिला काढून टाकतात. गावात ती येते तीही लोहाराच्या घरी, आणि लोखंडाचाच तिला त्रास! दोन्हीकडे ती अर्धीच. गावकरीही लेखिकेनं राक्षस म्हणून रंगवलेले नाहीत. साधीच माणसं ती. एकाची कुजबुज दुसऱ्याच्या कानी जाते आणि संशय वाढत राहतो. हे चित्रण फार खरं उतरलं आहे.

आमची तक्रार आहे ती शेवटाबद्दल. सास्की जीव धोक्यात घालून टेकडीत शिरते, आईबापांची खरी लेक परत आणते आणि स्वतः गाव सोडून जाते. हा निर्णय तिचाच आहे, सोबतीला जिवलग मित्रही आहे. तरी गावाला कुणी सवाल करत नाही. परक्या ठरवलेल्या लेकरानं उपकार करावेत आणि निघून जावं, एवढ्यावर हिशेब मिटतो.

आम्हा मंगळवेढेकरांना इथं चोखोबा आठवतात. गावकुसाबाहेर ठेवलेला हा माणूस त्याच कुसाचं बांधकाम करताना, ते कोसळून, १३३८ साली दगावला असं परंपरा सांगते. आजही आमच्या मुलांना कुणी कौतुकानं म्हणतं, “तुझं मराठी किती छान आहे!” इथंच जन्मलेलं लेकरू मग गप्प होतं. आपण पाळण्यात कुणी आणून ठेवलेले आहोत का, असं त्याला वाटत असेल.

कादंबरी मुलांना जरूर वाचून दाखवावी. मात्र शेवटच्या पानावर थांबून, सास्कीनं का जावं, हे त्यांना विचारावं. आणि आमच्यातल्या लिहित्या हातांनी ही गोष्ट आपल्या मातीत पुन्हा लिहावी. तीत लेकरू गावातच राहावं, बदलायचं ते गावानं.