लिनक्सवरील जुने संगणकीय खेळ : जतन आणि वाचन

लिनक्स कार्यप्रणालीवर जुने संगणकीय खेळ खेळणे हा बहुधा स्मरणरंजनाचा विषय मानला जातो. तथापि खेळाकडे संहिता म्हणून पाहिल्यास तिच्या जतनाचा प्रश्न उपस्थित होतो. या दृष्टीने जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ उद्बोधक आहे. तो १९८९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी आणि १९९० मध्ये डॉससाठी प्रसिद्ध झाला. डॉस आवृत्ती लिनक्सवर दोन मार्गांनी खेळता येते. डॉसबॉक्स ही आज्ञावली जुन्या यंत्राचे अनुकरण करते. खेळ चालतो, परंतु त्याची घडण अज्ञातच राहते. एसडीएलपॉप या प्रकल्पात मात्र डॉस आवृत्तीतील यंत्रसंकेत उलगडून सी भाषेत खुली पुनर्रचना केलेली आहे. राजपुत्राच्या धावण्याचे व उडीचे नियम तेथे वाचता येतात.

मेकनर यांची मूळ ॲपल संहिता हरवली होती. जुन्या फ्लॉपी सापडल्याने ती २०१२ मध्ये प्रकाशित झाली. याउलट ‘डूम’ (१९९३) या खेळाची संहिता निर्मात्यांनीच १९९७ मध्ये खुली केली, आणि तीही लिनक्स आवृत्तीची. त्यातील चित्रे व ध्वनी मात्र स्वामित्वहक्काखालीच राहिले, ही या औदार्याची मर्यादा होय.

माजरीसारख्या कोळसाखाणींच्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यास साधा संगणक व विनामूल्य लिनक्स यांच्या आधारे या संहितांचा अभ्यास करता येतो. साहित्याभ्यासात पाठभेदांना जे महत्त्व, तेच येथे आवृत्तिभेदांना आहे. म्हणून जतनाचे मूल्यमापन करताना खेळ चालतो काय, यासोबत तो वाचता येतो काय, हाही निकष लावणे आवश्यक ठरते.