मोबाईलचे व्रत आणि एक अमेरिकी ग्रंथ

उपदेशपर ग्रंथांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. त्यांपैकी बहुतेक वाचकास प्रथम भिववितात आणि नंतर नियमांची एक यादी त्याच्या हाती ठेवून निरोप घेतात. कॅल न्यूपोर्ट यांचा ‘डिजिटल मिनिमलिझम’ हा २०१९ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ त्याच जातीचा असेल, अशा समजुतीने आम्ही तो उघडला. तो पुष्कळ अंशी वेगळा निघाला. मात्र तो जेथे थांबतो, तेथेच आपल्या समाजाचा खरा प्रश्न सुरू होतो.

ग्रंथकर्ते जॉर्जटाऊन विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. म्हणजे यंत्राचा तिरस्कार करणाऱ्या विरक्ताचे हे लिखाण नव्हे. समाजमाध्यमांवर आपण कधीच खाते उघडले नाही, असे ते सांगतात. ज्याने तपकीर ओढली नाही त्याने तपकीर सोडण्याचा उपदेश करावा, याचे कोणास हसू येईल. परंतु व्यसन कसे लावले जाते याचे जे विवेचन पहिल्या अध्यायात आले आहे, ते नेमके आणि संयत आहे. २००७ साली स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन जगापुढे ठेवला, तो मुख्यतः गाणी ऐकविणारा आणि संभाषण सुलभ करणारा दूरध्वनी म्हणून. दर पाच मिनिटांनी माणसाने त्यात डोकावावे, ही कल्पना त्या वेळी कोणी मांडली नव्हती. २००९ साली फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले आणि सारे पालटले. आपण टाकलेल्या छायाचित्रास दाद मिळेल की नाही हे आधी कळत नाही. म्हणूनच हात पुनः पुन्हा तिकडे वळतो. जुगाराच्या यंत्राचे मर्म हेच आहे. मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोंविषयी आपण तावातावाने बोलतो; त्यांचा एक लहानसा भाऊबंद आपल्याच खिशात आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

ग्रंथाचा गाभा म्हणजे तीस दिवसांचा प्रयोग. ज्यावाचून उपजीविका किंवा घरचा व्यवहार अडत नाही, ती सर्व ऐच्छिक साधने महिनाभर बंद ठेवावीत. मोकळ्या झालेल्या वेळात आपल्याला खरोखर काय प्रिय आहे ते शोधावे. महिना संपल्यावर प्रत्येक साधनास दारातच अडवून विचारावे : तू माझ्या कोणत्या गाढ श्रद्धेच्या उपयोगी पडतोस? त्यासाठी तुझ्याहून चांगला मार्ग नाही काय? आणि घरात घेतलेच, तर कोणत्या वेळी व कोणत्या मर्यादेत वागशील?

हे वाचून आमच्या वाचकांस चातुर्मासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आषाढी एकादशीस कांदा, लसूण, वांगे सोडावे आणि कार्तिकीनंतर सोडलेल्या वस्तूचे दान करून ती पुन्हा ग्रहण करावी, ही रीत आपल्या घरोघरी आहे. साम्य उघड आहे. तथापि या तुलनेत आपली बाजू सर्वस्वी वरचढ ठरते, असे आम्हांस वाटत नाही. उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी भरल्या वांग्यावर आपण ज्या आवेशाने तुटून पडतो, तो पाहता चार महिन्यांत नेमके काय साधले असा प्रश्न पडावा! ग्रंथकर्त्याने परतीच्या वाटेवर जी चौकी बसविली आहे, ती आपल्या नेमधर्मात बहुधा नसते. येथे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

परंतु आपल्या व्रतात एक गोष्ट असते, ती त्यांच्या प्रयोगात नाही. चातुर्मासात एकटी सासूबाई कांदा सोडीत नाही. साऱ्या स्वयंपाकघराची घडी बदलते. पाहुणादेखील काय वाढावे आणि काय वाढू नये हे जाणतो. न्यूपोर्ट यांच्या आवाहनास सोळाशेहून अधिक लोकांनी प्रतिसाद दिला. पण ते त्यांच्याच पत्रिकेचे वाचक, आधीच मन वळलेले, आणि आपापल्या घरी एकेकटे झगडणारे. एवढ्या आधारावर हा मार्ग सर्वांस लागू पडेल असा निष्कर्ष काढणे आम्हांस साहसाचे वाटते.

अमेरिकेतील आमिश पंथीयांचे उदाहरण ग्रंथकर्त्याने मोठ्या आदराने दिले आहे. हे लोक स्वतःची मोटार बाळगीत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीतून प्रवास करतात; दूरध्वनी घरात घेत नाहीत, पण काही वस्त्यांतून तो सामायिक खोपीत ठेवतात. नवे यंत्र आपली वस्ती जोडील की तोडील, एवढीच त्यांची कसोटी. ग्रंथकर्त्यास ही कसोटी आवडते, वस्तीचे बंधन मात्र नको असते. बंधनात जुलूमही असू शकतो, ही त्यांची शंका रास्त आहे. म्हणून ते तत्त्व घेतात आणि समाज वगळतात. ग्रंथातील सर्वांत कच्चा दुवा आमच्या मते हाच.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली वेगळी वाट धरली. महासाथीच्या काळात शाळा मोबाईलवर आल्या आणि मुलांच्या हातून तो सुटेना. तेव्हा गावाने ठरविले की, सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला म्हणजे दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद राहतील. मुले अभ्यास करतील, मोठी माणसे वाचतील, बोलतील. शेजारच्या घरातूनही मालिकेचा आवाज येत नाही म्हटल्यावर आपल्या घरातील मुलाची समजूत घालणे किती सोपे होत असेल! न्यूपोर्ट यांच्या साऱ्या नियमांत याच्या तोडीचे काही नाही.

एकांताविषयीचा चौथा अध्याय आम्ही दोनदा वाचला. दुसऱ्या मनाकडून येणारे काहीही आत येऊ न देणे म्हणजे एकांत, अशी व्याख्या तेथे स्वीकारली आहे. तिच्यानुसार पुस्तक वाचणारा मनुष्यही एकांतात नसतो. मग पहाटे पोथीपुढे बसलेल्या आजोबांना कोठे बसवावे? भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांनी शोधलेला एकांत रिकाम्या मनाचा नव्हता. ही व्याख्या आम्हांस तोकडी वाटते. मात्र कानात सतत काहीतरी घालून फिरणाऱ्या तरुण पिढीस स्वतःच्या मनाशी बोलण्याची संधीच उरत नाही, हे ग्रंथकर्त्याचे म्हणणे नाकारता येत नाही; आणि ते केवळ तरुणांनाच लागू आहे असेही नाही.

फावल्या वेळाच्या अध्यायात टोरांटो शहरातील एका उपाहारगृहाची हकीगत आहे. तेथे लोक पैसे मोजून पटावरचे खेळ खेळावयास जमतात, कारण समोरासमोर बसण्याची त्यांना भूक आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड चोवीस तास भजन चालते. गाणारे आळीपाळीने बसतात, ऐकणारे येतात-जातात. ती भूक तेथे फुकट भागते. पण आता त्या मांडवातही कित्येक हात मोबाईल उंच धरून असतात, आणि चित्रित झालेले भजन नंतर किती जण ऐकतात हे ज्याने त्याने आपल्यापुरते आठवून पाहावे. २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाने तामिळनाडूतील देवालयांत मोबाईलला बंदी करण्याचा आदेश दिला. आपल्याकडेही अनेक देवळांत तशा पाट्या आहेत. गर्भकुडीपुरती पाटी ठीक; अग्रशाळेत, महाजनांच्या सभेत, जत्रेच्या पंक्तीत काय करावयाचे ते कोणी ठरवावयाचे?

आखातात किंवा लंडनला मुलगा असलेल्या घरास मोबाईल ही चैन नव्हे, हे आम्ही जाणतो. सुतकाची वार्ता, श्राद्धाची तिथी, पालखीचा दिवस आता व्हॉट्सॲपवरूनच कळतो. ग्रंथकर्ताही ते तोडा असे म्हणत नाही. आवडीच्या जागी ‘लाईक’ दाबण्याऐवजी त्या माणसाशी बोला, असे तो पाचव्या अध्यायात सांगतो. तो अध्याय आणि त्यापूर्वीचे चार अवश्य वाचावेत. शेवटचे दोन सवडीने वाचले तरी चालतील; त्यांत पुनरुक्ती बरीच आहे.