अलमूतचे फिदाई : साधनांची छाननी

इराणांतील अलमूतचा किल्ला हसन-इ-सब्बाह यानें इ. स. १०९० त घेतला. तेव्हांपासून तो १२५६ त मोंगलांच्या हातीं जाईपर्यंत निझारी इस्मायली पंथाच्या फिदायांनीं वजीर, अमीर व काजी यांस गांठून कट्यारीनें मारल्याच्या हकीकती तवारिखांत आहेत. राजसत्तेशीं उघड्या मैदानांत लढूं न शकणाऱ्या मंडळीनें दहशतीचें शस्त्र कसें वापरलें, याचा इतिहास पुष्कळ ग्रंथकार येथूनच आरंभितात. परंतु हा आरंभ ज्या कागदांवर उभा आहे, ते कोणाचे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हामर-पुर्गस्टालचा जर्मन ग्रंथ १८१८ त निघाला व १८३५ त इंग्रजींत उतरला. गुप्त मंडळ्यांविषयींची तत्कालीन युरोपची धास्ती त्यांत स्पष्ट दिसते. विरोधकांच्या साक्षी उलटतपासणीवांचून स्वीकारल्या, हा त्याचा मुख्य दोष होय. गुंगीचें पेय पाजून तरुणांस स्वर्गतुल्य बागेंत नेण्याची कथा मार्को पोलोची. आणि तो व्हेनिसहून निघाला १२७१ त, म्हणजे अलमूत पडून पंधरा वर्षें लोटल्यावर. उलट जुवैनी हा हुलागूखानाच्या पदरचा. त्यानें किल्ला स्वतः पाहिला, व पंथास दूषणें देण्यांत कसूर केली नाहीं. तो अन्नपाण्याच्या सांठ्याचीं टांकीं वर्णितो. बागेचें नांवही काढीत नाहीं. शत्रूचें हें मौन आम्ही सबळ प्रमाण मानतों. ‘हशीशी’ हा शब्दही विरोधकांची शिवी होती. शिवीवरून व्यसन सिद्ध होत नाहीं. फरहाद दफ्तरी यांनीं १९९४ च्या ग्रंथांत या दंतकथांचें मूळ शोधलें, तें या दृष्टीनें वाचनीय आहे.

मात्र दंतकथांबरोबर खूनही खोटे ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. अलमूतच्या स्वतःच्या बखरींत मारल्या गेलेल्यांचीं व मारणारांचीं नांवें नोंदलेलीं होतीं. तीं रशीदुद्दीनच्या तवारिखेंत उतरलीं आहेत. येथें साक्ष करणाराचीच आहे. तथापि प्रत्येक खुनाची परीक्षा निराळी हवी. १०९२ त निजामुल्मुल्क वजीर पडला, तेव्हां खुद्द मलिकशहा सुलतानावरही संशय घेतला गेला. ११९२ त टायर येथें जेरुसलेमचा नियोजित राजा काँराद मारला गेला. त्यामागें कोणी इंग्लंडच्या रिचर्डचा हात सांगतात, कोणी सलाहुद्दीनचा. कट्यार फिदायाची, परंतु ती कोणाच्या इच्छेनें चालली, हा प्रश्न पृथक् आहे.

अधिक दुःखाची गोष्ट पुढें आहे. अलमूतचें पुस्तकालय जुवैनीनेंच तपासलें. कुराणाच्या प्रती व ज्योतिषाचीं यंत्रें त्यानें काढून घेतलीं. पाखंडी वाटलेले ग्रंथ जाळले, व तसें स्वतः लिहूनही ठेविलें. तेथें सांपडलेल्या हसनच्या चरित्राचा सारांश त्यानें आपल्या ग्रंथांत घेतला, म्हणूनच तें कांहीं अंशीं आपणांस ठाऊक आहे. पुढें इव्हानोव्ह यांच्या खटपटीनें १९४६ त मुंबईस इस्मायली सोसायटी निघाली, आणि पंथीयांनीं जपलेल्या पोथ्यांतून दुसरी बाजू छापून बाहेर येऊं लागली. आपल्या संग्राहकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : विरोधी पक्षाचें बाड नकोसें म्हणून टाकून दिलें, तर पुढील काळास एकाच पक्षाची साक्ष उरते, आणि तिच्यावर न्याय होत नाहीं.