रोमन दिनारावरील देवता आणि विभक्ती

रोमच्या रौप्यनाण्यांवरील देवताप्रतिमांचा विचार बहुधा मूर्तिशास्त्राच्या अंगाने केला जातो. शिरस्त्राण दिसले की रोमा, हाती वज्र दिसले की जुपिटर, अशी ओळख पटली म्हणजे विवेचन पूर्ण झाले असे मानण्यात येते. प्रतिमेभोवतीचा लेख केवळ नाव सांगण्यापुरता उरतो. ही पद्धती अपुरी आहे. कारण त्या लेखालाही व्याकरण आहे.

नीरोच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांतील, म्हणजे इ. स. ६४ च्या सुमारापासूनच्या, दिनारावर सिंहासनस्थ जुपिटर असून 'युप्पितेर कुस्तोस' (रक्षक जुपिटर) असा लेख आहे. अलेक्झांडर सेव्हेरसच्या (इ. स. २२२–२३५) दिनारावरही सिंहासनस्थ जुपिटर आढळतो, तेथे लेख 'योवी उल्तोरी' (प्रतिशोध घेणाऱ्या जुपिटरला) असा आहे. पहिल्याच्या हाती वज्र, तर दुसऱ्याच्या हाती विजयदेवता, हा भेद सर्वांनीच नोंदविला आहे. परंतु पहिला लेख प्रथमेत व दुसरा चतुर्थीत आहे, हा भेद अधिक मूलगामी होय. प्रथमान्त पद देवतेचा परिचय देते. चतुर्थ्यन्त पद तिला उद्देशून काही अर्पण करते. 'गणेशाय नमः' या प्रयोगात वाढलेल्या आपल्या वाचकाला हे संप्रदान निराळे समजावून सांगावयास नको.

कित्येकदा विभक्ती झाकलेलीच राहते. 'पाक्स औग' या संक्षेपाचा विस्तार 'औगुस्ती' असा केल्यास 'सम्राटाची शांती' हा षष्ठीचा अर्थ निघतो. 'औगुस्ता' असा केल्यास ते शांतिदेवतेचे विशेषण ठरते. अशा स्थळी एकच अर्थ ठामपणे लादणे योग्य नव्हे.

ए. एच. एम. जोन्स यांनी १९५६ मध्ये अशा सर्वच अर्थनिर्णयाविषयी शंका उपस्थित केली. आजच्या टपाल-तिकिटांवरील चित्रांप्रमाणे ही चित्रेही लोकांच्या फारशी लक्षात येत नसावीत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हा आक्षेप नाणे हाताळणाऱ्यापुरता बलवान आहे. लेख योजणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही. चतुर्थी योजताना त्याने प्रथमा टाळलेली असते. म्हणून विभक्तीवरून टांकसाळीमागील अधिकाराचा हेतू अनुमानता येतो, जनसामान्यांची श्रद्धा नव्हे.

या अनुमानाची मर्यादा तिबेरियसच्या (इ. स. १४–३७) दिनारावर स्पष्ट होते. आंध्र आणि कोइमतूर भागांतील निधींमुळे तो भारतीय अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्यावर हाती राजदंड व शाखा घेतलेली एक स्त्री आसनस्थ आहे. पण 'पोन्तिफ माक्सिम' हे बिरुद सम्राटाचे आहे, तिचे नव्हे. ती शांतिदेवता की राजमाता लिव्हिया, हा वाद त्यामुळेच उद्भवला. जेथे लेखच प्रतिमेविषयी मौन पाळतो, तेथे समीक्षकाने तिला नाव देण्याची घाई करू नये.